बियाण्याचं पडवळ

जोगेश्वरीच्या आमच्या सरकारी चाळीमागे शेजारच्या तात्यांचा मांडव होता. त्यावरून पडवळं लोंबत आणि प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने दगड बांधलेला. मी आजऱ्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली, सातवीत शाळा सुटलेली. दगड डोक्यात पडेल म्हणून लांबून वळसा घालायची. तात्या हसत. "घाटावरल्या चेडवा, दगड नसलो तर पडवळ वाकडा जाता. माणसासारखा."

मिल बंद पडल्यापासून तात्यांना दुसरं काम नव्हतं. तरी भाजी त्यांनी कधी विकली नाही. उंबऱ्यावर ठेवून निघून जात. माहेरच्या आठवणीने मी धड जेवत नसे, त्या दिवसांत सर्वांत कोवळं पडवळ माझ्या दारात असे. मी कुणाला काही बोलले नव्हते, त्यांनीच ओळखलं होतं.

एक पडवळ मात्र ते कुणाला तोडू देत नसत. ते वेलावरच पिकून लाल व्हायचं, पुढच्या वर्षीचं बी त्यातलं. पहिलं बी त्यांच्या आईने कुडाळहून बांधून दिलेलं.

त्या वर्षी वसाहतीच्या कार्यालयाची नोटीस आली. सरकारी जागेवर मांडव म्हणजे विनापरवाना बांधकाम, आठ दिवसांत काढा. बियाण्याचं पडवळ अजून हिरवंगार होतं. तात्यांना फक्त पंधरा दिवस जास्त हवे होते. अर्ज मी लिहावा म्हणाले. मी घाबरून नको नको केलं. "तुझी सातवी तरी आसा. माझो भोपळो."

माणूस जुना, सरळ आहे हे साहेबांना कळावं म्हणून मी माझ्या बुद्धीने लिहिलं, हा मांडव दहा वर्षांपासून आहे.

कार्यालयात साहेबांनी नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. "दहा वर्षं अतिक्रमण? आणि वर लेखी देताय?"

दुसऱ्याच दिवशी माणसं कोयते घेऊन आली. ते हिरवं पडवळ तात्यांनी स्वतः कापलं. आतलं बी पांढरं, मऊ. तरी राखेत घोळून जपलं, पुढच्या पावसाळ्यात पत्र्याच्या डब्यात लावलं. एकही उगवलं नाही. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, पण मीच त्यांना टाळू लागले.

त्या दिवाळीनंतर ते कायमचे गावी निघाले. निघायच्या आठ दिवस आधी कोरं पोस्टकार्ड घेऊन दारात आले. भावाला येतोय म्हणून कळवायचं होतं. चाळीत मॅट्रिक झालेले तिघं आहेत, असं मी खाली मान घालून सांगितलं. तात्या उंबऱ्यावर टेकले. कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"सावकाश लिव," ते म्हणाले. "माका घाई नाय."