हरल्यावर घरी

ह्यांनी मला न विचारता पाहुणी घरात आणली, हे मी अजून विसरलेले नाही. पुढे सगळं चांगलं झालं म्हणून काय झालं? विचारायचं तरी!

आम्ही अमेरिकेत ट्रॉय नावाच्या गावात राहतो. हे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आता दोघंही रिटायर. ह्यांना टेनिसचं भारी वेड, आणि ह्यांच्या क्लबात दर उन्हाळ्यात बायकांची एक छोटी प्रोफेशनल टूर्नामेंट होते. टीव्हीवर दिसते तसली नव्हे. इथे खेळाडू स्वतःची बॅग स्वतः ओढत येते, स्वतःचे कपडे स्वतः धुते, आणि हॉटेल परवडत नाही म्हणून आठवडाभर क्लबातल्या कुणाच्या तरी घरी उतरते. एका वर्षी क्लबानं विचारलं, कुणाकडे खोली रिकामी आहे का? मुलगा नुकताच कॉलेजला गेला होता. ह्यांनी हात वर केला आणि घरी येऊन मला सांगितलं, ती उद्या येतेय म्हणून.

"जपानी आहे," हे म्हणाले. "एकदम शांत असतात ते लोक."

"तुम्ही किती जपानी पाहिलेत?"

"ऑफिसात होते की दोघं."

मी तोंड फुगवूनच दार उघडलं. समोर एक बारकीशी मुलगी, तिच्याहून मोठी बॅग. तिनं वाकून नमस्कार केला, बूट काढले आणि त्यांची तोंडं दाराकडे करून नीट जोडीनं ठेवले. संपलं. माझा राग तिथेच ओसरला. अहो, इतकी वर्षं या देशात मी येणाऱ्या-जाणाऱ्याला "शूज काढा हं प्लीज" म्हणत आलेय, आणि ही न सांगता काढते!

तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती. त्याआधी ती मोठ्या स्पर्धांमध्ये खेळून आली होती, एकदा एका फार मोठ्या खेळाडूला तिनं हरवलंही होतं. मग मनगटाचं ऑपरेशन झालं, रँकिंग गडगडलं, आणि पुन्हा खालच्या पायरीपासून चढायला म्हणून ती आमच्यासारख्या गावांतून फिरत होती. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं. ती स्वतःबद्दल काही बोलायची नाही. विचारलं तर हसायची.

त्यानंतर ती दर उन्हाळ्यात येत राहिली. घरी येणारी आपली मराठी मुलं मला काकू म्हणतात, ते ऐकून तीही म्हणायला लागली, पण जपानी पद्धतीनं: काकू-सान. ह्यांचं झालं काका-सान. आमच्या फ्रीझरमध्ये मोदकांच्या डब्याशेजारी तिच्या गुडघ्यावर लावायच्या बर्फाच्या पिशव्या असायच्या. जिन्याच्या कठड्यावर घामानं भिजलेले मनगटपट्टे वाळत पडायचे. मेतकूट-भात पहिल्यांदा खाल्ला तेव्हा ती चमचा हातात धरून गप्पच बसली. मला वाटलं आवडला नाही. तर म्हणाली, आजारी पडलं की आई असाच मऊ भात करायची. मग काय, मी पातेलंभर करायला लागले.

वर्षभर ती कुठे कुठे खेळायची, थायलंड म्हणू नका, मेक्सिको म्हणू नका. सकाळी चहा घेताना हे फोन बघून "जिंकली" किंवा "हरली" एवढंच म्हणायचे. कोण, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात ते क्रियापद एकाच माणसासाठी होतं. गंमत म्हणजे जगात सगळीकडे जिंकायची, पण आमच्या गावात तिचं नशीब काही उघडायचं नाही. पहिल्या नाहीतर दुसऱ्या मॅचला गारद. हे हळहळायचे. मी म्हणायचे, असेल एखाद्या गावाची दृष्ट.

अशी वर्षं गेली. आमचे केस पांढरे झाले, तिच्याही कानाजवळ दोन-चार चमकायला लागले. या उन्हाळ्यात आली तेव्हा गुडघ्याला पट्टा होता आणि जिना ती एकेक पायरी थांबत चढली. जेवताना तिनं चमचा खाली ठेवला आणि सांगितलं, ही शेवटची स्पर्धा. इथे ज्या मॅचला हरेन, ती माझी शेवटची मॅच.

"इथे?" हे म्हणाले. "अगं, जपानमध्ये खेळ ना शेवटची. टीव्हीवाले येतील, फुलं देतील."

ती थोडा वेळ शब्द शोधत राहिली. तिचं इंग्रजी अजून तसंच, मोजकं. म्हणाली, "मी आयुष्यभर हरल्यावर हॉटेलात गेलेय. शेवटच्या वेळी हरल्यावर मला घरी जायचंय."

ह्यांनी उठून उगाचच पाण्याचा जग भरून आणला.

दुसऱ्या दिवशी ड्रॉ लागला, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी ते. हे फोनवर बघत होते, त्यांनी तो एकदम माझ्यापुढे धरला. "हे बघ," म्हणाले. बघते तर काय! तिची पहिलीच मॅच आमच्या पोरीशी.

आमची म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातली. अठरा वर्षांची, इथेच जन्मलेली, दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचे आजी-आजोबा नाशिकला, त्यामुळे इथली आजी मीच. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. यंदा कॉलेजात टेनिससाठीच निवडली गेली, आणि गावातली मुलगी म्हणून क्लबानं तिला स्पर्धेत थेट प्रवेश दिला होता. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर दिवाळीच. आपली मुलगी प्रो टूर्नामेंट खेळतेय, सगळ्यांनी भगवे टी-शर्ट घालून यायचं! एक काका ढोल आणायला निघाले होते, त्यांना कसंबसं आवरलं.

इकडे आड, तिकडे विहीर. एक जिंकली तर दुसरीची पहिली मोठी संधी जाणार, आणि दुसरी जिंकली तर हिचं सगळं आयुष्यच इथे संपणार. मी देवापुढे दिवा लावला आणि काय मागावं तेच सुचेना. नुसते हात जोडून उभी राहिले.

मॅचच्या दिवशी सकाळी पोरीच्या आईचा फोन. आवाज ओशाळलेला. "काकू, कसं सांगू... ती तुमच्याकडून दही घेतल्याशिवाय निघायला तयार नाही. परीक्षा असो, ड्रायव्हिंग टेस्ट असो, दरवेळी तुम्हीच दिलंय ना. पण तुमच्याकडे तर..."

"असू दे," मी म्हटलं. "घेऊन ये."

झालं! थोड्या वेळात माझ्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर, टेनिसचे कपडे घालून, तळहात पुढे करून उभ्या. कारण जपानी बाईसाहेबांनाही मी इतकी वर्षं प्रत्येक मॅचला निघताना हातावर दही-साखर देत आलेय. ती चाटायची, वाकायची आणि निघायची. आता आधी कोणाला देऊ? मी वाटी घेऊन अडकले. पाहुणी म्हणून चमचा तिच्याकडे नेला, तोच पोरगी ओरडली, "काकू, नो! शी कान्ट हॅव डेअरी!"

"म्हणजे?"

"शी इज लॅक्टोज इन्टॉलरंट! लॉकर रूममध्ये सगळ्यांना माहितीये. लास्ट इयर प्रॅक्टिसनंतर तिनं पिझ्झा पण नाही खाल्ला, यार!"

मी जपानीकडे बघितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल.

"अगं बाई!" मी वाटी ओट्यावर ठेवली. "म्हणजे दरवर्षी मॅचच्या आधी मी तुला पोट बिघडवून पाठवत होते?"

"तरीच!" हे दारातून म्हणाले. "तरीच आपल्याकडे कधी जिंकली नाही!"

असा संताप आला मला, ह्यांचा, स्वतःचा आणि त्याहून तिचा. एवढी कसली मेली सभ्यता! तोंड नाही का माणसाला? मी तिला चांगलंच झापलं, मॅचच्या दिवशी, तिच्या प्रतिस्पर्ध्यासमोर. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकू-सान, पोट नाही बिघडत. मी आधी गोळी घेते. आजही घेतली आहे." मग मान वर करून, "हरले ते मी हरले. दही नाही हरलं. बाकी सगळीकडे मी एकटी निघते. इथे कोणीतरी दारात उभं असतं."

तिचा हात अजून पुढेच होता. मी डोळे पुसले आणि दिलं. मग पोरीला दिलं. दोघींनी मला नमस्कार केला, एकीनं कमरेत वाकून, दुसरीनं पायांना हात लावून. मी दोघींनाही "यशस्वी हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कोर्टावर सगळं मंडळ पोरीच्या बाजूला, भगवं भगवं. "काकू, इकडे या!" म्हणून हात हलवत होते. मी हात हलवला आणि ह्यांच्याबरोबर पलीकडे, जपानीच्या खुर्चीमागच्या बाकावर बसले. जिच्या घरी खेळाडू उतरते तिनं तिथेच बसायचं असतं. त्या बाकावर आम्ही दोघंच होतो.

पहिला सेट तिनं जिंकला. पोरीचा फटका तोफेसारखा, पण ही चेंडू अशी कुठे कुठे टाकायची की पोरगी पळून पळून बेजार. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दुसऱ्या सेटला ऊन चढलं, गुडघा बोलायला लागला. पोरीनं सेट घेतला, मंडळातल्या कोणीतरी झांजा वाजवल्या, पंचांनी दटावलं. तिसऱ्या सेटमध्ये ही दर पॉइंटनंतर रॅकेटवर टेकून उभी राहायची, तरी पुढच्या चेंडूला धावायची. मला दिसत होतं की संपत आलंय. खोटं कशाला बोलू, पोरगी चांगलं खेळली की माझ्या तोंडून "वा!" निघायचं आणि लगेच मी तोंडावर हात ठेवायचे. शेवटचा चेंडू रेषेवर पडला तेव्हा मी रडतही होते आणि टाळ्याही वाजवत होते.

पोरगी जाळ्याशी धावत आली आणि जिंकलेली असून तीच हुंदके द्यायला लागली. जपानीनं तिला थोपटलं, समजूत घातली. मग बॅग आवरली, कोर्टाच्या कडेला उभी राहिली आणि रिकाम्या कोर्टाला वाकून नमस्कार केला. बराच वेळ वर आली नाही. भगव्या मंडळींनीसुद्धा झांजा खाली ठेवल्या. मग आमच्यापाशी येऊन म्हणाली, "घरी जाऊ या?" डोळे कोरडे होते.

गाडीत मागच्या सीटवरून तिनं विचारलं, "काका-सान, रिटायर झाल्यावर पहिल्या सकाळी तुम्ही काय केलंत?"

सिग्नल सुटला, ह्यांनी गाडी पुढे काढली. "ऑफिसला गेलो," म्हणाले. "पार्किंगमध्ये थोडा वेळ बसलो आणि परत आलो."

मला ठाऊकच नव्हतं! त्या दिवशी दूध आणायला गेलो होतो म्हणून सांगितलं होतं मला ह्यांनी.

दुसऱ्या दिवशी उजाडायला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकली. खाली गेले तर ती खेळायचे कपडे घालून, बूट हातात घेऊन दारापाशी उभी. जायचं कुठे नव्हतं, पण लहानपणापासून या वेळी ती कोर्टावरच जात आलेली. माझ्या मागून हे उतरले, हातात स्वतःची जुनी रॅकेट. पाहुण्या खेळाडूला "माझ्याशी खेळ" म्हणून गळ घालायची नाही, असा क्लबाचा दंडक, आणि ह्यांनी तो इतकी वर्षं मन मारून पाळला होता. "चल," म्हणाले. "आता तू कुठे खेळाडू आहेस?"

मी थर्मासमध्ये चहा भरला आणि तिघं पार्कातल्या फुकटच्या कोर्टावर गेलो. ह्यांनी तिला आधीच बजावलं, एरवी चेंडू एका टप्प्यातच मारावा लागतो, पण आमच्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपात दोनदा टप्पा पडला तरी चालतो. ती हसून "हो" म्हणाली. पण खेळताना हे दुसऱ्या टप्प्यावर, कधी तिसऱ्यावरही मारत होते, आणि ती मात्र तो पट्टा बांधलेला पाय ओढत प्रत्येक चेंडू पहिल्याच टप्प्यावर गाठत होती. मला बघवेना. "अगं, हळू!" मी बाकावरून ओरडले.

ह्यांचा एक फटका कसातरी जाळ्याला लागून पलीकडे पडला, अगदी जवळ. ती पळायला निघाली, दोन पावलं टाकली आणि थांबली. चेंडूकडे बघत राहिली. तो एकदा पडला. तिनं पडू दिला. दुसऱ्यांदा पडला. मग ती चालत गेली, रॅकेट खाली नेऊन तो अलगद उचलून पलीकडे टाकला आणि काहीतरी भलतं केल्यासारखी आमच्याकडे बघायला लागली.

"चालतं!" हे पलीकडून ओरडले. "आपल्यात चालतं!"

तेव्हा ती रडली. काल रडली नव्हती ती आता जाळ्याला धरून लहान मुलीसारखी मोठ्यानं रडली, आणि मी चहाचा थर्मास हातात घेऊन तशीच चपला घालून कोर्टावर तिच्याकडे गेले.