खोट्या मशीनला नमस्कार

दादऱ्याच्या त्या सूत कारखान्यात मशीनवर काम हवं असेल, तर आधी माझ्या खोट्या मशीनवर पास व्हावं लागतं. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत रिमोट धरायचे, की समोर अख्खा विभाग उभा राहतो. कामगार त्या हेडसेटला डबडं म्हणतात. डबड्यातलं हे सॉफ्टवेअर सिल्वासात बसून डिझाइन करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा.

पॅकिंगमधली एक बाई ऑपरेटर व्हायला धडपडत होती. नंदुरबारकडची, डाव्या पायाला पोलिओ. पॅकिंगमध्ये दिवसभर उभं राहून खोके उचलायचे; संध्याकाळपर्यंत तिचा पाय सुजून यायचा. मशीनपाशी निदान उंच स्टूल असतं. रजेवरच्या एका बाईच्या बदली तिने ते मशीन स्टुलावर बसून नीट चालवलंही होतं. काम येत होतं, फक्त डबड्यात पास व्हायचं राहिलं होतं.

ती परीक्षेलाही स्टुलावरच बसली आणि सुरू होताच लाल दिवे लागले. ‘कामगार कोसळला.’ डोकं खाली दिसलं की माणूस पडला, एवढीच आमच्या सॉफ्टवेअरची अक्कल. बसून काम करणाऱ्यांचं काय, हे मी पहिल्या बैठकीपासून घसा कोरडा करून विचारत होते. आमच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं, “पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.” त्या पुढच्या व्हर्जनचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

शेवटी कुणाला न विचारता मीच ते दुरुस्त केलं. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरच्या मिनतवाऱ्या करून तिच्यासाठी आणखी एक संधी मिळवली. “ही शेवटची हं मॅडम,” ते म्हणाले. मी तिला बजावलं, “घाबरू नको. समोरचं सगळं खरं समजून कर.”

ती बसली. लाल दिवे लागले नाहीत. मला हायसं वाटलं. तेवढ्यात तिने हात पुढे केला, मशीनच्या बाजूच्या पत्र्याला टेकवला आणि कपाळाला लावायला गेली. रिमोट डबड्यावर टकदिशी आपटला.

‘हात अडकला. गंभीर अपघात. परीक्षा समाप्त.’

कामाची पाळी सुरू करताना इथल्या बाया मशीनला असाच नमस्कार करतात. मशीन तेव्हा बंद असतं. आमचं मात्र पहिल्या क्षणापासून धडधडत असतं, कारण साहेबांना ते तसं जोरदार वाटतं. आणि चालू मशीनला कुठेही हात लागला की अपघात धरायचा, असं ठरलेलं. आजवर परीक्षेला बसलेले सगळे नवखे, त्यांना ही सवयच नव्हती. म्हणून आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

ऑफिसर हसायला लागले. “अगं बाई, खोट्या मशीनच्या कशाला पाया पडते?”

तिने डबडं काढलं. केस घामाने चिकटले होते. “खोटं कसं, साहेब? ताईच बोलल्या ना, खरं समजून कर.”

मी भांडले. मशीन बंद ठेवून सुरुवात करते, आत्ता बसून बदलते, म्हणाले. आवाज चढला माझा. “सिस्टीमने फेल दिलं, मॅडम, मी काय करणार?” ऑफिसर म्हणाले. अहो, ती सिस्टीम मीच बनवलीय, मीच सांगतेय ना ती चुकलीय म्हणून! पण माझ्यापेक्षा त्यांचा विश्वास त्या डबड्यावर जास्त. इतकी चीड मला आयुष्यात क्वचितच आली असेल.

“जाऊ द्या ताई,” ती म्हणाली, “पॅकिंग तर आहेच ना आपलं.”

तिने ओढणीने हेडसेटवरचा घाम पुसला आणि तो खोक्यात नीट ठेवला. झाकण लावण्याआधी त्याला बोटं टेकवली, कपाळाला लावली, आणि पाय ओढत पॅकिंगकडे गेली.