उसवामावशी आणि व्हिडिओची उलटी बाजू

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं, कारण यात माझीच अब्रू जाते. पण आज माझी धाकटी बहीण म्हणाली, "तू लिहीत नसशील तर मी लिहिते, आणि मग सगळंच लिहीन!" म्हटलं नको बाई, मीच लिहिते. भराभर टाइप करतेय, चुका पोटात घाला.

बहिणीला घरात चिमटी म्हणतात. नाव तिने स्वतःच्या बोटांनी कमावलंय. आणि जिच्याबद्दल लिहितेय ती समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली कपडे शिवते. एक मशीन, एक ट्यूबलाइट आणि मशीनला दोरीने बांधलेली कात्री, कारण "कात्रीला पाय फुटतात". आम्ही तिला उसवामावशी म्हणतो. काहीही शिवायला द्या, ती आधी उसवते. "जुन्या शिवणीवर टीप मारून देणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जा." आणि शिवून झालं की कपडा उलटा करून, उजेडात धरून, प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवल्याशिवाय हातात देत नाही. मी एकदा घाईत म्हटलं, "मावशी, आतलं कोण बघतंय?" तर म्हणाली, "सुलट बाजू दाखवायला असते गं. कपडा जातो तो आतून."

गेल्या वर्षीची गोष्ट. चिमटी बारा वर्षांची, नाचात हुशार. तिला त्या छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपवर अकाउंट हवं होतं. अ‍ॅप म्हणे तेरा वर्षं पूर्ण पाहिजेत. ती रडवेली झाली आणि मी, महान ताई, तिच्या जन्मसालाच्या जागी माझं जन्मसाल टाकून दिलं. दोन मिनिटांचं काम! वर अकाउंट सगळ्यांना दिसेल असंच ठेवलं, लाइक यायला नकोत का? आईला सांगितलं, "आहे माझं लक्ष." लक्ष कसलं, डोंबल.

तीन महिन्यांनी चिमटी नाचाचा ड्रेस सैल करायला मावशीकडे गेली आणि मला मावशीचा फोन. "ड्रेस झालाय, घेऊन जा." गेले तर ड्रेस अर्धवट उसवलेला, आणि चिमटी स्टुलावर मान खाली घालून. मावशीने चिमटीचा मोबाईल माझ्यापुढे धरला. मेसेज होता: शनिवारी पाचला तुझा क्लास सुटतो ना? गिफ्ट आणलंय. गेटजवळ थांब, घरी सांगू नको, सरप्राइज आहे.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आणि मी काय केलं? ओरडले. "अक्कल गहाण टाकलीस का? कोण आहे हा? आण तो मोबाईल, उडवते सगळं आत्ताच्या आत्ता!"

चिमटी पुटपुटली, "म्हणूनच तुला नाही सांगितलं."

"ओरडायचं असेल तर रस्त्यावर जा," मावशी म्हणाली. "इथे माझ्या मशीनचा आवाज पुरे आहे. आणि उडवायचं काही नाही. आधी त्या मेसेजचा फोटो काढून ठेव. उसवलेलं कोणी लगेच फेकतं का?"

मी स्क्रीनशॉट काढले. मग मावशीने चिमटीचा एक व्हिडिओ लावायला सांगितला, चष्मा कपाळावर ढकलला आणि नाचणाऱ्या चिमटीवर सरळ अंगठा ठेवला. "ही झाकली. आता उरलंय ते बघ. सांग, ही पोरगी कुठे राहते?"

मी बघितलं. खुंटीला शाळेचा शर्ट, खिशावर बिल्ला. खिडकीतून औषधाच्या दुकानाची पाटी. दुसऱ्या व्हिडिओत क्लासच्या नावाचा बोर्ड, भिंतीवर घड्याळ, आणि खाली चिमटीनेच लिहिलेलं, 'दर शनिवारी धमाल'. तीन महिने मी हे व्हिडिओ लाइक करत होते, पण बघत फक्त चिमटीला होते.

"त्याला कोणी काही सांगितलं नाही," मावशी म्हणाली. "त्याने उलटी बाजू बघितली, एवढंच." मग चिमटीकडे वळून, "तुझं काही चुकलेलं नाही बाळा. तू येऊन सांगितलंस, अर्धं काम तिथेच झालं. पण मला एक सांगा, बाराव्या वर्षी हे चालतं का?"

"तेरा लागतात," मी म्हटलं.

"मग वय कोणी वाढवलं?"

चिमटी माझ्याकडे बघेना. तिने माझं नाव सांगितलं नाही हो! तेव्हा मला रडू फुटलं. "मी, मावशी."

मावशीने ड्रेसचीच एक चिंधी पुढे केली. "नाक पूस. आणि हे असंच आईला सांग, एक शब्द न गाळता. मला बटणं शर्टाची कळतात, मोबाईलची तुम्ही बघा."

त्याला उत्तर दिलं नाही. रिपोर्ट केलं, ब्लॉक केलं. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, आणि जे ऐकायचं ते मीच ऐकलं. आई क्लासच्या बाईंना घेऊन पोलिसांकडे गेली, स्क्रीनशॉट दिले. शनिवारी ती स्वतः गेटवर उभी राहिली. कोणी आलं नाही. तो कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही, पण चिमटी घरी आली, माझ्यासाठी एवढंच पुरे आहे. अकाउंट आम्ही दोघींनी मिळून बंद केलं.

गेल्या आठवड्यात चिमटीला तेरा पूर्ण झाली. नवं अकाउंट उघडलं, खरं जन्मसाल टाकून, आईच्या समोर. फक्त ओळखीच्यांना दिसणारं, अनोळखी मेसेज बंद. पहिल्या व्हिडिओला मागे काय लावलं माहितेय? मावशीने दिलेलं अस्तराचं उरलेलं कापड, साधं, राखाडी. टाकण्याआधी चिमटीने मोबाईल माझ्याकडे दिला, स्क्रीनवरच्या स्वतःवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "ताई, आता तू बघ."

मला दाखवलं! मला! मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि त्या बाईला मी इतक्या महिन्यांत एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही. उद्या जातेय. निमित्त हवं म्हणून चांगल्या कुर्त्याची बाही मुद्दाम उसवलीय. ती बघताक्षणी ओळखेल, ओळखू दे.

तुमच्या घरातलं पोरही तुम्हाला न सांगता कुणाला तरी सगळं सांगत असेल. शिवणारी असेल, रिक्षावाले काका असतील, शेजारची आजी असेल. कोण ते शोधा, आणि लवकर जाऊन भेटा त्यांना. या आठवड्यातच जा.