जोडीचा घोडा

वाशिमहून अनसिंगला जाताना बसमध्ये शेजारच्या मावशी मोबाइलच्या गेममध्ये रानघोडे पकडत होत्या, जीभ दातांत धरून. एकदम दुर्मिळ सोनेरी घोडा सापडला. मी हरखून उभाच राहिलो. मावशींनी त्याला निरखलं आणि चक्क सोडून दिलं.

"काहून सोडला, मावशी?"

"याच्या जोडीचा नाई माह्यापाशी. एकटा बैल आणते काय कोणी घरी?"

"पण हा घोडा आहे."

"मंग? घोड्याले एकट्याले करमते काय?"

त्यांचा अख्खा तबेला जोडीजोडीनं उभा होता. मग मीही सोनेरी जोड शोधायला त्यांच्या मोबाइलवर वाकलो. ती सापडली तेव्हा आम्ही दोघं टाळ्या पिटत होतो आणि अनसिंग मागे पडलं होतं.

पुढच्या थांब्यावर उतरून अनसिंगकडे परत चालताना मावशी हसून म्हणाल्या, "बरं झालं, दोघंई चुकलो."