बोरच्या गेटवरचा माझा पहिला हंगाम

माझं माहेर केळझरचं. घर रस्त्यावरचं, शेत गावाबाहेर, आणि वाघ मी फक्त शाळेच्या भिंतीवर रंगवलेला पाहिला होता. लग्न होऊन सेलू तालुक्यातल्याच दुसऱ्या एका गावात आले, तिथे मात्र आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, संपला की वाघांसाठी राखलेलं बोरचं जंगल सुरू होतं. पहिल्याच वर्षी आमच्या तुरीत रानडुकरं शिरली, दुसऱ्या वर्षी रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा खाल्ला. त्यामुळे जंगलातली जनावरं म्हणजे पिकाची नासाडी, एवढंच माझं ज्ञान.

मग एकदा ग्रामपंचायतीत निरोप आला की सफारीच्या गेटवर गाइड म्हणून आसपासच्या गावांतल्या बायांनाही घेणार आहेत, शिक्षण बारावी पाहिजे. मी बारावी पास होते. घरी बोलले तेव्हा नवरा हसला.

"तुले चितळ कोनतं अन् सांबर कोनतं, हे तरी कळते काय?"

"तुमाले कळते ना? मंग मलेही कळन."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिले. नाई जमलं तर वावर आहेच." तेवढ्यावर माझं जाणं ठरलं.

आम्हाला शिकवायला गेटवरचे सगळ्यात जुने गाइड होते. मी त्यांना मामाजी म्हणायचे. नात्यातले नव्हते, पण आमच्याकडे सासऱ्याच्या वयाच्या माणसाला मामाजीच म्हणतात. त्यांचं अर्धं आयुष्य याच जंगलात गुरं चारण्यात गेलं होतं. गेट सुरू झालं, गुरं बंद झाली आणि ते गाइड झाले. शाळा चौथीपर्यंत. पक्ष्यांची इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण ती ते अशा काही पद्धतीने म्हणत की पर्यटक दोनदा विचारत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

पुस्तक त्यांनी आम्हाला उघडूच दिलं नाही. पहिले चार दिवस फक्त झाडं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, धावड्याचं खोड पांढुरकं, तेंदूची साल काळी आणि चौकोनी तडकलेली. "पान पाहून झाड कोनीही सांगते," ते म्हणत. "उन्हाळ्यात पानं नसतात, तवा सांगजो." मग पायठसे. ठशाच्या कडा उभ्या आहेत की ढासळल्या, त्यावरून मुंग्यांची वाट गेली आहे का, रात्रीचं दव ठशाच्या आत पडलं आहे की दव पुसत पाय पडला आहे. आणि शेवटी आवाज. डोळे मिटून उभं राहायला लावत आणि काय ऐकू आलं ते विचारत. मी पहिल्या दिवशी म्हणाले, "काहीच नाई." ते म्हणाले, "आनखीन ऐक." दहा मिनिटांनी मी सात आवाज मोजले होते.

वाघ दिसण्याआधी त्याची खबर इतर जनावरं देतात, हे सगळ्या गाइडांचं पहिलं ज्ञान. चितळ ओरडतं, वानर खाकरतं, सांबर पोंक करतं. याला आम्ही कॉल म्हणतो. मामाजींनी बजावून सांगितलं होतं की चितळ भित्रं असतं, ते कशालाही ओरडतं. एकदा ओरडून चूप झालं तर त्याचा काही भरवसा धरायचा नाही. सांबर मात्र उगाच ओरडत नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही डिसेंबरात मी पहिल्यांदा एकटी गाइड म्हणून सफारीच्या जिप्सीत गेले, तेव्हा ते पाठांतर कामाला आलं नाही.

पुण्याहून एक जोडपं आलं होतं. साठीच्या आसपासचे. साहेबांकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. बाईंचा एक गुडघा दुखरा, म्हणून त्यांनी पाय पुढच्या सीटखाली लांब केला होता. तीन फेऱ्या झाल्या होत्या, वाघ दिसला नव्हता, आणि ही त्यांची शेवटची फेरी. साहेबांनी जिप्सीत बसतानाच मला हे सांगितलं. म्हणजे जबाबदारी आता माझी. मी "हो सर" म्हणाले. त्या दिवशी नुसतं "बघू" म्हणायला पाहिजे होतं.

तासभर काही नाही. मोर, वानरं, धरणाच्या काठावर बगळे. मी नावं सांगत होते, साहेब घड्याळ पाहत होते. एका नाल्यावरच्या रपट्याजवळ, म्हणजे ठेंगण्या पुलाजवळ, पोचलो आणि डाव्या हाताच्या दाट झाडीतून चितळ ओरडलं. एकदा.

"वाघ आहे," मी म्हणाले. "थांबा."

"असू शकतो" असंही म्हटलं नाही. सरळ "आहे" म्हटलं. ड्रायव्हरभाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं, पण गाडी बंद केली. साहेबांनी कॅमेरा रोखला. आम्ही बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दुसरा आवाज आलाच नाही. मला आतून कळत होतं की काहीतरी चुकलं आहे, पण आता मागे कसं फिरायचं ते सुचत नव्हतं. जितका वेळ जात होता तितकं बोलणं कठीण होत होतं.

पाऊण तासाने गवत हललं. साहेब उठून उभे राहिले. गवतातून एक कोल्हा बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं, रस्ता ओलांडला आणि निघून गेला.

साहेब खाली बसले. तेवढ्यात समोरून एक जिप्सी आली. त्यातली माणसं खुशीत होती. धरणाकडच्या रस्त्यावर वाघीण चालत गेली, वीस मिनिटं गाडीच्या पुढे होती, असं त्यांच्या गाइडने सांगितलं. नाल्यावर थांबलो नसतो तर आम्ही त्याच रस्त्याने गेलो असतो.

ड्रायव्हरभाऊ खाली मान करून हळूच म्हणाले, "वहिनी, सांगून द्या ना, वाघ आतल्या आत उठून गेला म्हनून. कोन पाह्यलं?"

सोपं होतं ते. मी क्षणभर तसंच बोलणार होते. पण बाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला वाटलं, त्यांनी ऐकलं असावं. नसेलही ऐकलं. मी म्हणाले, "सर, मी चुकले. चितळ एकदाच ओरडलं होतं. एका आवाजावर वाघ आहे असं म्हणता येत नाही. कोल्ह्यालाच ओरडलं असेल. जवळपास चितळाचं पिल्लू असेल."

"म्हणजे आमचा पाऊण तास तुम्ही अंदाजावर घालवलात?"

"हो."

"अहो, तिने कबूल तरी केलं," बाई म्हणाल्या.

"कबूल करून वाघ दिसणार आहे का?" साहेब म्हणाले आणि कॅमेरा पिशवीत घातला. त्यांचं बरोबर होतं. परतीच्या वाटेवर बाईंनी मला चितळाबद्दल, कोल्ह्याबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. गेटवर साहेबांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की गाइडला अनुभव नाही, चुकीची माहिती देऊन वेळ वाया घालवला.

मामाजींनी ते दुसऱ्या दिवशी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. वही मिटली. "खरं लेहलं," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. मला वाटलं होतं, ते समजूत काढतील किंवा रागावतील. दोन्ही केलं नाही. घरी मी काही सांगितलं नाही. पण गाव लहान. नवऱ्याला संध्याकाळपर्यंत कळलंच. त्याने चितळ-सांबराचा टोमणा मारला नाही, हे मात्र मला बरं वाटलं.

त्यानंतर मी बोलणंच कमी केलं. पर्यटकांना झाडं दाखवायची, समोर बसलेला पक्षी दाखवायचा, बस. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच. आवाजाबद्दल एक शब्द नाही. महिनाभर असं चाललं आणि कोणाची तक्रार आली नाही. मला वाटलं, हेच बरं.

जानेवारीत नागपूरहून चार मैत्रिणी आल्या. चौघी बँकेत नोकरीला, चौघी पहिल्यांदाच जंगलात. आम्ही बांबूच्या पट्ट्यातून जात होतो तेव्हा उजवीकडून सांबर ओरडलं. पोंक. स्पष्ट. त्या चौघी आपसात बोलत होत्या, इंजिन सुरू होतं, ड्रायव्हरभाऊंना ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी मनात म्हटलं, आणखी एकदा ओरडू दे, मग थांबवू. तेवढ्यात गाडी वळणापलीकडे गेली, आणि मी थांबवली नाही.

आमच्या मागच्या जिप्सीत मामाजी होते. त्यांनी त्याच जागी गाडी थांबवली. वाघीण बांबूतून निघाली, पाणवठ्यावर पाणी प्याली, बसली.

गेटवर मामाजींनी मला बाजूला घेतलं. "आमच्या पुढं तुयीच गाडी होती ना?"

"हो."

"सांबर ऐकू नाई आलं?"

"आलं."

"मंग काऊन नाई थांबली?"

"पक्कं नव्हतं, मामाजी. मागच्या डावासारखं झालं असतं तर?"

तेव्हा ते रागावले. त्या वर्षात एकदाच. "तुले पक्कं कोन मागून राह्यलं? पक्कं तर मलेही नसते. लोकाईले जंगल दाखवाले तुले ठेवलं आहे. सोताची अब्रू वाचवाले नाई." मग म्हणाले, "मागच्या डावाले तू काय केलं? वाघ आहे म्हनलं. या डावाले काहीच नाई म्हनलं. दोनी चूकच. जे ऐकलं ते सांगजो. कोन ओरडलं, किती डाव ओरडलं, कोन्या बाजूनं. काय असू शकते, काय नसू शकते. थांबाचं का नाई, ते त्याईले ठरवू दे."

त्या चौघींना मी हे सांगितलं नाही. त्या खुशीत होत्या, सेल्फी काढत होत्या, मला हात करून गेल्या. पुण्याच्या साहेबांना खरं सांगण्याची हिंमत झाली होती. त्या दिवशी झाली नाही. घरी जाताना रस्ताभर मला पहिल्यापेक्षा ही दुसरी चूक जास्त लागली.

मामाजींचं म्हणणं ऐकायला सोपं होतं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागला. "वाघ आहे" म्हणणं सोपं, गप्प बसणंही सोपं. "सांबर ओरडलं, एकदा, उजवीकडून, मला खात्री नाही" हे म्हणताना सुरुवातीला लाज वाटायची. गाइडला खात्री नाही म्हणजे काय? काही लोक तसं बोलूनही दाखवत. पण बहुतेकांचं उलट व्हायचं. मी असं सांगितलं की ते आपोआप गप्प बसून कान देत. कधी कधी दुसरा आवाज त्यांनाच आधी ऐकू यायचा.

मार्चच्या शेवटी हिंगणघाटचं एक कुटुंब आलं. कापडाचे दुकानदार, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई. आजीला जिप्सीत चढवायला आम्हाला स्टूल लावावं लागलं. त्या दिवसांत मोहाची फुलं पडत होती, सगळा रस्ता गोड वासाचा. आजी म्हणाल्या, "माह्या माहेरी आमी टोपलं घेऊन जाओ, पहाटेच." त्यांचं माहेर कुठलं ते विचारायचं राहून गेलं.

एका वळणावर सातभाई पक्ष्यांचा थवा जोरात कलकलाट करत होता. मी गाडी थांबवायला सांगितलं. "हे सातभाई आहेत," मी म्हणाले. "काहीतरी पाहून ओरडून राह्यले. साप असन, मुंगूस असन, बिबटही असू शकते. आपसात भांडतही असतील. मले पक्कं माहीत नाई. दहा मिनिटं थांबाचं का?"

दुकानदारांनी घड्याळ पाहिलं. "धरणावर जायचं होतं ना आपल्याला?"

"थांब ना रे," आजी म्हणाल्या. "धरन कुठी पळून जाते?"

आम्ही थांबलो. सातभाई थोड्या वेळाने उडून गेले. मला वाटलं, झालं. पण आजी मोहाकडेच पाहत होत्या. "ते काळं काय आहे?" त्यांनी विचारलं. मी पाहिलं तर झाडाखालच्या सावलीत अस्वल होतं. तोंड जमिनीला लावून मोहाची फुलं खात होतं, त्याचं फुसफुसणं आमच्यापर्यंत येत होतं. मला ते आधी दिसलंच नव्हतं.

"दोन हायेत," आजी कुजबुजल्या.

"एकच आहे, आजी."

"पाय ना नीट. पाठीवर."

अस्वलाच्या पाठीवर केसांत रुतून पिल्लू बसलं होतं. आई पुढे सरकली की ते डुलायचं. आम्ही सगळे कितीतरी वेळ पाहत राहिलो, फोटो काढायचंही त्या लोकांना उशिरा सुचलं. मग अस्वल झुडपात गेलं. सातभाई त्यालाच ओरडत होते की आणखी कशाला, ते मला कळलं नाही, आणि मी त्यांना तसंच सांगितलं. धरणावर जायला वेळ उरला नाही. परत येताना दुकानदार म्हणाले, "गाइड तुम्ही, अन् अस्वल दाखवलं आमच्या आईनं." सगळे हसले, मीही.

जूनअखेर गेट बंद झालं आणि मी पेरणीला लागले. ऑक्टोबरात पुन्हा गेले. त्यानंतरचे हंगाम सांगण्यासारखे आहेत, पण वेगळे सांगावे लागतील. मामाजींचे गुडघे गेले, आता ते गेटवर येत नाहीत. शेजारच्या गावातल्या दोन बाया या वर्षी नव्याने आल्या आहेत आणि त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. परवा त्यातल्या एकीने शेंड्यावरच्या एका लहान करड्या पक्ष्याचं नाव विचारलं. मला येत नव्हतं. तसं सांगितलं. मग तिने मोबाइलवर त्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि आम्ही घरी जाताना मामाजींच्या अंगणात थांबून त्यांना ऐकवला. त्यांनी मोबाइल कानाला लावून तो तीनदा ऐकला.

"नाई बा," ते म्हणाले. "हा मलेही नाई माहीत. उद्या पुन्हा दिसला तर शेपटी पाहून येजो."