सोपानचा डोळा दारूने गेला नाही

सोपान गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले... छातीत कळ आली आन् बसल्या जागीच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. दुःखाच्याही आधी भीती वाटली. जे त्याच्या हयातीत बोललो नाही, ते आता कुणाजवळ बोलायचं? दहाव्याला घोड नदीच्या घाटावर कावळ्याची वाट बघत सगळे उभे होते, तेव्हा माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "दारूनं आधी डोळा खाल्ला, आता जीव खाल्ला." मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो, दौंडला एकाच खोलीत राहायचो. त्याचं काम आंबवण्याच्या मोठ्या टाक्यांवर. निवृत्त होऊन दोघेही शिरूरला आपापल्या घरी परतलो, पण रिकामं बसणं त्याला जमेना. एक दिवस मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "नाना, लोक घरी बिअर करत्यात बघ. आपण उभी हयात टाक्या आंबवल्या, चमचाभर तरी चाखाय मिळालं का?" त्याला पिण्याचा नाद नव्हता, करण्याचा होता. मी माळकरी. "मी पिणार नाही," म्हणालो. "मग ढवळ की! ढवळल्यानं माळ तुटत न्हाई."

आडतीवरून जव आणले. मटकीला आणतात तसे फडक्यात बांधून मोड आणले. "ही कसली उसळ?" त्याच्या बायकोने, मंदावहिनींनी विचारलं. "घोड्याची," सोपान म्हणाला. ते जव गच्चीवर वाळवले, भरडले, गरम पाण्यात मुरवले. गाळलेलं गोड पाणी पार्सलने मागवलेल्या हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळलं, निवल्यावर काचेच्या मोठ्या बरणीत भरून यीस्ट टाकलं. बुचातून एक नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात बुडबुडे यायला लागले आणि सोपान समोर मांडी घालून बसला. "श्वास घेतंय बघ," म्हणाला. मला फक्त वास येत होता. परवाना नाही, शेजार भिंतीला भिंत लावून... रस्त्यावरून जीप गेली तरी मी उठून खिडकी लावायचो. तो हसायचा. "पोलिसांना कामं हायेत, नाना. तुझ्यासारकी रिकामी न्हाईत ती."

त्याच संध्याकाळी आमच्या मंडळाचं भजन त्याच्या ओसरीवर होतं. बरणीची खोली ओसरीला लागूनच. पखवाज लावता लावता एकाने नाक वर केलं, "कसला रं वास?" म्हणाला, आणि मी उठलो. पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो, नळी दुमडली आणि सुतळीने करकचून आवळली. वायूची वाट कधी बंद करायची नाही, हे कारखान्यात नव्या मुलांना मीच शिकवत असे. भजन संपलं की सोडू, असं मनात होतं. पण चहा झाला, मंडळी माझ्याबरोबरच उठली, त्यांच्यादेखत त्या खोलीत कसा जाऊ? घरी आल्यावर फोन हातात घेतला आणि वहिनी उचलतील या भीतीने खाली ठेवला. सकाळी लवकर जाऊन सोडू म्हटलं. सकाळी त्याच्या फाटकाला हात लावला आणि आतून बरणी फुटल्याचा आवाज झाला... बुडबुडे का थांबले ते बघायला सोपान बरणीवर वाकला होता.

उजवा डोळा वाचला नाही. बिअर करत होतो, हे त्याने डॉक्टरांना सरळ सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी त्याच्या खाटेशी तोंड उघडलं तेव्हा हळूच म्हणाला, "सुतळी बघितली मी. गप बस आता. तुझ्या गळ्यात माळ हाय." आणि मी गप बसलो. गावाने मात्र ठरवून टाकलं की प्यायलेल्या माणसाने बरणी अंगावर घेतली. अहो, त्यातला थेंबही अजून पिण्याजोगा झाला नव्हता! वहिनी उठता-बसता त्याला बोलायच्या. "प्या अजून! एक डोळा राहिलाय." तो हसून मान खाली घालायचा, आणि मी समोर बसून वहिनींच्या हातचा चहा प्यायचो. वर्षानुवर्षं.

गेल्या आठवड्यात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्या बाजरी पाखडत होत्या. सूप तसंच हातात राहिलं. "भावजी, मी त्यांना जन्मभराचं बोलले. तुमच्या म्होरं बोलले. कप खाली ठिवून एकदा तरी म्हणायचं, वहिनी, थांबा..." मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. "मला सांगून काय हुतंय? घाटावर बोलत हुते त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. छापून आल्यावर भजनात मला कुणी जागा देईल की नाही, सोपानचा मुलगा काय म्हणेल, ठाऊक नाही. पण सोपान त्या दिवशी प्यायलेला नव्हता. नळी मी बांधली होती.

डोळा गेल्यापासून फिरायला निघालो की तो मला उजव्या अंगाला घ्यायचा. "तिकडचं मला दिसत न्हाई. तू असलास की गाडीची भीती न्हाई," म्हणायचा. आजही नदीच्या रस्त्याला मी कडेने चालत नाही. डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालतो. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की माझा हात आधी तिकडे जातो, त्याचा दंड धरायला...