बावन्न मार्कांचा ट्रक

सिनेमांना मार्क देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी आहे. तळोद्याच्या शाळेत सगळा जन्म भूगोल शिकवला, उत्तरपत्रिका तपासल्या, आणि निवृत्त झालो तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. घरात सिनेमांच्या डीव्हीडींनी भरलेली दोन लोखंडी कपाटं आहेत. काही डीव्हीडी सुरतहून आणल्या, काही नंदुरबारच्या स्टेशनाबाहेरून, आणि गावातली व्हिडिओ लायब्ररी बंद पडली तेव्हा बऱ्याचशा पोत्यात भरून उचलल्या. आता सगळं जग मोबाइलवर पाहतं, हे मला कुणी सांगायला नको.

प्रत्येक सिनेमाची एका जाड वहीत नोंद आहे. कथेला तीस, अभिनयाला तीस, गाण्यांना वीस, शेवटाला वीस. साठच्या वर पहिली श्रेणी, पस्तिसाच्या खाली नापास. मधले सगळे दुसऱ्या श्रेणीत. या मधल्यांवर माझं शाळेतही प्रेम नव्हतं, हे कबूल करतो. हुशार पोरं लक्षात राहतात, टारगट तर जन्मभर लक्षात राहतात. मधल्या बाकांवरच्यांची नावं मी हजेरी घेतानासुद्धा चुकवायचो.

बायकोचं उलट. तिला मधलेच आवडायचे. पहिल्या श्रेणीचा सिनेमा लावला की आमच्या अहिराणीत म्हणायची, "नको माय, तेन्हामा कोन्ही ना कोन्ही मरस." दुसऱ्या श्रेणीचा लागला की ती कांदे-लसूण घेऊन जमिनीवर बसायची, अर्धं लक्ष ताटात, अर्धं पडद्यावर. मधेच बोलायची, मधेच उठून गॅस बारीक करून यायची. आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं राहिली की हमखास उठायची.

"शेवट तं देख," मी म्हणायचो.

"आते गोडच व्हई जाई. मी भाकरी टाकस."

आमच्या संसारातल्या दुसऱ्या श्रेणीच्या सगळ्या सिनेमांचे शेवट मी एकट्याने पाहिले, भाकरी थापल्याचा आवाज ऐकत.

यंदा उन्हाळ्यात कपाटांत जागा उरली नाही. त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी आदिवासी विकासच्या ऑफिसात कागद घेऊन आला होता, तो घरी भेटायला आला. पन्नाशीचा गृहस्थ, वर सातपुड्याच्या डोंगरात मोलगीच्या बाजारात त्याचं चहाचं हॉटेल आहे. तिथे रेंज येते आणि जाते, म्हणून हॉटेलात त्याने टीव्ही आणि डीव्हीडीचा डबा ठेवलाय. मी लगेच हिशेब केला. पहिली श्रेणी घरात राहील, नापास भंगारात जातील, आणि मधले डोंगरात. डोंगरातल्या माणसांना काय, चालेल काहीही, असं मी तोंडाने बोललो नाही. पण मनात तेच होतं. दुसऱ्या श्रेणीचं अख्खं पोतं मी त्याच्या जीपच्या टपावर चढवलं आणि मोकळा झालो. बायको दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "मन्हा पिच्चर बी दी टाकात का?" मी म्हटलं, चांगले ठेवलेत की घरात.

दिवाळीनंतर तिच्या गळ्याजवळ गाठ दिसली. बोराएवढी. आधी वाटलं, सर्दीची असेल. मग नंदुरबारला दाखवलं, तिथून सुरतला पाठवलं. सुरतच्या डॉक्टरांनी गाठीतला तुकडा काढून तपासायला दिला आणि सांगितलं, आठ-दहा दिवसांत रिपोर्ट तुमच्या मोबाइलवर येईल. त्यांनी नंबर विचारला, मी माझा दिला. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि मी खिशातला फोन चालू आहे ना, हे दर स्टेशनाला पाहत होतो.

मन चिंती ते वैरी न चिंती. माझ्या मनाने त्या आठवड्यात काय काय चिंतलं, ते लिहायची हिंमत नाही. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचो. वाजायचा तो कुठल्या तरी कर्जवाल्या कंपनीचा. मी त्या पोरींवर उगीच ओरडायचो. फोन नाही वाजला तर वाटायचं, तो बिघडलाच असणार. मग मी बायकोच्या साध्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून बघायचो. ती म्हणायची, "तुम्हीन येडा व्हई ग्यात का?" आणि तिचा हात आपोआप गळ्याशी जायचा. तो हात मला पाहवत नव्हता.

वेळ कसा काढायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सिनेमा लावला. पंच्याऐंशी मार्कांचा. त्यात नायकाची आई दवाखान्यात खाटेवर पडलेली आहे आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. या प्रसंगाला मी पूर्वी वहीत दोनदा अधोरेखित करून 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. बायको उठून अंगणात गेली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली. कपडे ओले होते. मी घाईने टीव्ही बंद केला. चांगला सिनेमा माणसाला आरपार पाहतो, असं मी वर्गात मोठ्या तोंडाने सांगायचो. आम्हाला त्या आठवड्यात कुणी आरपार पाहिलेलं नको होतं.

तिसऱ्या दिवशी एक नापास सिनेमा लावला, भंगारात जायचा राहिलेला. तो इतका वाईट होता की लक्ष लागेना, आणि लक्ष लागलं नाही की ते नेमकं त्या गाठीवरच जाऊन बसायचं. आगीतून फुफाट्यात. अर्ध्या तासात दोघंही छताकडे बघत होतो.

मग कपाटाच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली, दुसऱ्या श्रेणीचे तीन सिनेमे सापडले. पोत्यात घालायचे राहून गेलेले. एकात दोन शेजारी एका विहिरीवरून भांडतात, एकात एक कारकून चुकून पुढारी होतो, तिसऱ्यात काय होतं ते मला आताही सांगता येणार नाही. पण त्या तीन सिनेमांनी आम्हाला तीन दिवस दिले. त्यात माणसं रागावायची, पण फार नाही. संकट यायचं, ते दारापर्यंत यायचं आणि नमस्कार करून परत जायचं. मधे बोललं तरी काही बिघडत नव्हतं. बायको पुन्हा लसूण सोलायला लागली. तिचा हात गळ्याकडून ताटाकडे गेला, ते पाहून मला एवढं हायसं वाटलं की माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसत असल्याचं सोंग केलं.

तिन्ही संपले. सातव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तो कांदाना ट्रकवाला पिच्चर कोठे शे?"

तो मोलगीला होता. दुसरा कुठे असणार!

सिनेमा असा : लग्नाला निघालेल्या एका भांडकुदळ घराण्याची गाडी बंद पडते, आणि कांद्याचा ट्रक चालवणारा नायक सगळ्यांना पाठीमागे कांद्यांवर बसवून नेतो. वाटेत ट्रकही बंद पडतो. मग सगळे रस्त्याच्या कडेला बसून कांदा-भाकर खातात आणि भांडण मिटतं. या प्रसंगात मागून एक लाल बस जाते. थोड्या वेळाने तीच बस, तोच नंबर, पुन्हा जाते. दिग्दर्शकाचा गलथानपणा. मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'तीच बस दोनदा. वजा तीन.' एकूण मार्क बावन्न.

"आज बाजार शे तठे. मी जाईसन लई येस," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मी पळालो. घरात बसून फोनकडे बघवत नव्हतं. अक्कलकुव्यावरून जीप देवगोईच्या घाटाला लागली आणि फोनवरच्या रेषा एकेक करून गेल्या, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. रिपोर्ट आज आला तर? तो माझ्याच फोनवर येणार होता, आणि मी रेंज नसलेल्या डोंगरात चाललो होतो, एका बावन्न मार्कांच्या सिनेमासाठी. भूगोलाच्या मास्तरने ही चूक करावी! जीपमध्ये पुढे तिघं, मागे कोंबून भरलेली माणसं; उतरावं म्हटलं तरी परतीची जीप मिळायला दुपार झाली असती.

विद्यार्थ्याचं हॉटेल गच्च भरलं होतं. बाजार करून झालेली माणसं जीपची वाट बघत बाकांवर आणि जमिनीवर बसली होती; पायांशी भगरीची, आमचुराची गाठोडी. आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. टीव्हीवर कांद्याचा ट्रक चालला होता.

"सर, बसा ना," विद्यार्थी म्हणाला. मी का आलोय ते त्याला सांगितलं. गाठीचंही सांगितलं. त्याने हातातली किटली खाली ठेवली. "मॅडमसाठी न्या तुम्ही, सर. फक्त थोडाच राहिलाय, यांचा संपू द्या. दर बाजाराला हाच मागतात."

नाही कसं म्हणणार? मी त्यांच्यात बसलो. मांडीवर फोन, त्यावर एकही रेष नाही. पडद्यावर घराणं रस्त्याच्या कडेला भाकर खात होतं. लाल बस गेली. थोड्या वेळाने परत आली, आणि हॉटेलात एकदम गलका झाला, हशा पिकला. माझ्या शेजारचा एक म्हातारा बोट दाखवून त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलला. मी विद्यार्थ्याकडे पाहिलं.

"बाबा म्हणतात, बस कुणाला तरी घ्यायची विसरली होती. म्हणून परत आली. दर वेळी म्हणतात ते."

इतकी वर्षं मी त्या बसचे तीन मार्क कापून बसलो होतो. ती कुणासाठी तरी परत आली असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मला लाज वाटली. ज्यांना चालेल काहीही, असं समजून मी ते पोतं पाठवलं होतं, ती माणसं माझ्यापेक्षा नीट बघत होती.

डीव्हीडी रुमालात गुंडाळून मी दुपारच्या जीपने निघालो. घाट उतरताना एका वळणावर रेंज येते, तिथे सगळ्या जीपमधले फोन एकदम वाजायला लागतात. माझाही वाजला. सुरतचा मेसेज होता, खाली रिपोर्टची फाइल. माझा अंगठा तिच्यावर गेला, मग मी फोन तसाच खिशात कोंबला आणि डोळे मिटून घेतले. शेजारच्याने विचारलं, "काय झालं, गुरुजी?" मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. थंडीचे दिवस होते.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बायको ओट्यावर बसली होती. माझा चेहरा पाहून तिला कळलं.

"उना का रिपोर्ट?"

"उना. मी उघाडा नही."

तिने माझ्या हातातला रुमाल सोडवून डीव्हीडी बाहेर काढली. मग म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या तसाच. पहिले पिच्चर लावा."

मी फोन टीव्हीशेजारी पालथा ठेवला आणि सिनेमा लावला. तिने ताट घेतलं नाही, लसूण घेतला नाही. भिंतीला टेकून बसली. ट्रक निघाला, बंद पडला, भाकरी सुटल्या. बस दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला म्हाताऱ्याचं सांगितलं. तिने बसकडे टक लावून पाहिलं; त्या विसरलेल्या माणसाला घेतलं की नाही, याची तिला काळजी.

"लिधं का मंग त्याले?"

"लिधं व्हई."

शेवटची पंधरा मिनिटं आली. मी वाट पाहिली, आता ती उठेल. ती उठली नाही. लग्नघरी ट्रक पोचला, रुसलेला काका हसला, अक्षता पडल्या, आणि ती हात मांडीवर घट्ट धरून बघत राहिली. गोड होणार हे आधीच माहीत असायचं म्हणून ती उठून जायची. आज तिला ते माहीत नव्हतं.  नावांच्या पाट्या संपून पडदा निळा होईपर्यंत ती हलली नाही.

"आते उघाडा," ती म्हणाली.

रिपोर्ट इंग्रजीत होता. ज्या एका शब्दाला भीत होतो तो वरपासून खालपर्यंत तीनदा शोधला, सापडला नाही. पण माझा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घाबरायचं कारण नाही. पण अगदी निश्चिंतही राहू नका. गोळ्या सुरू करू, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला या. गाठ राहील, लक्ष ठेवावं लागेल. मी दोनदा हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती माझ्याकडे बघत होती. "म्हंजे? कितला मार्क?"

मी म्हटलं, "बावन्न."

तिने पदराने तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "चला मंग, भाकरी टाकस मी."